जरा पाणी मारून घ्या

माझा थोरला भाऊ शहराच्या गटारांचे नमुने घ्यायचा. कारखान्यांतून जे पाणी शहराच्या गटारात सोडतात ते बाटलीत भरायचं, बाटलीला सील ठोकायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं, हे त्याचं काम. त्या पाण्यात आम्ल किती, तेल किती, कुठला धातू किती ते तिथे ठरायचं, आणि जास्त निघालं तर कारखान्याचा गटाराचा जोड तोडायचा असा नियम होता. आता एवढ्या मोठ्या शहराच्या घाणीवर लक्ष ठेवायला ड्रेनेज खात्यानं माणूस कुठला शोधून काढला? तर ज्याला घाण बघवत नाही असा. माशांना घाबरणाऱ्याला कोळी केल्यातला प्रकार.

दादाचं हे लहानपणापासूनचं. आईनंच लाडावून ठेवलेलं. "त्याला घाण सोसत नाही गं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या नावापेक्षा जास्त. त्याचं ताट जेवायच्या आधी परत एकदा धुवायचं. तो उठायच्या आत न्हाणीघर घासलेलं हवं. मला ताप येऊन मी अंथरुणात ओकले की आधी दादाला शेजारी पाठवायचं, मग माझ्याकडे बघायचं. तो परत यायचा तेव्हा खोली लख्ख, चादर नवी, मी पावडर लावून बसलेली. मग तो दारातूनच म्हणायचा, "हिला काय धाड भरलीय? चांगली तर दिसतेय." आणि आईला ते ऐकून बरं वाटायचं. मला काय वाटायचं ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

नोकरी लागल्यावर तर विचारूच नका. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशात अत्तर शिंपडलेला रुमाल, हातमोज्यांच्या आत आणखी हातमोजे. खात्याच्या गाडीत साबणाची डबी, तीन-चार टॉवेल, बुटांवर चढवायच्या पिशव्या. गटारावर निघालेला माणूस लग्नाला निघाल्यासारखा. पण एक सांगते, खोटं बोलणार नाही: कुणाच्या पैशाला तो कधी शिवला नाही. कारखान्यात कपभर चहा घेतला नाही. दिवाळखोर मालक रडले, मोठे मालक दटावून गेले, हा ढिम्म हलला नाही. सगळं खातं म्हणायचं, धुतल्या तांदळासारखा माणूस. ते तांदूळ धुतले कोणी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आमचे हे त्याच खात्यात, पण खालच्या टोकाला. पंपघरावर पंपचालक. कारखान्यांच्या बाजूचं सगळं गटार उतरत उतरत आमच्या पंपघरातल्या विहिरीत येतं आणि तिथून पंपानं उचलून पुढे शुद्धीकरणाला जातं. पंपघराला लागून दोन खोल्या, त्या आमच्या. लोक विचारतात, वास कसा सहन करता? वासाची सवय होते हो, माणसांची होत नाही.

तर ह्या पंपांना रोग लागला. पंपाच्या आत जे चाक फिरतं ते सहा महिन्यांत नवं टाकावं लागायचं. बाहेर काढलं की उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखं दिसायचं. विहिरीत उतरायची लोखंडी शिडी मधल्या मधे विरघळली. भिंतीचं सिमेंट हातानं खरवडलं तर वाळू होऊन खाली पडायचं. ह्यांचे डोळे कायम लाल, खोकला कायम घशात. हे वरती कळवून कळवून थकले की येणाऱ्या पाण्यात आम्ल आहे, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं असणार, बघा जरा. वरून उत्तर ठरलेलं: सर्व कारखान्यांचे नमुने तपासले असून ते मर्यादेत आहेत. खाली नमुने घेणाऱ्याची सही. माझ्या सख्ख्या भावाची.

हे म्हणायचे, "दादांची सही बाकी सुरेख आहे." एवढंच. ह्यांचं बोलणं असंच, सुई टोचल्यासारखं, आणि टोचून झाल्यावर हे आपले चहा पीत बसणार. भांडायचं काम माझ्याकडे.

मग एक दिवस मोठा पंप बंद पडला, पाणी तुंबलं आणि खालच्या वस्तीत घरांच्या मोऱ्यांतून उलटं वर आलं. बोंबाबोंब झाली. कुणाचा तरी बळी द्यायचा म्हटल्यावर खात्यानं ह्यांच्यावर चौकशी लावली. आरोप काय, तर पंपाची निगा राखली नाही, पंप कोरडा चालवला, हलगर्जी केली. कारण पाणी तर मर्यादेत आहे, मग चाक झिजलं कसं? चालकानं झिजवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर ह्या दोन खोल्याही. ह्या वयात, ह्या खोकल्यासकट, ह्यांना कोण उभं करणार होतं?

मी दादाकडे गेले. घरी नाही, त्याच्या ऑफिसात. घरी गेलं की तो वहिनीला आधी खुर्चीवर कापड टाकायला लावतो. गटाराजवळ राहणारी बहीण ना मी.

"मला फेरीवर निघायचंय," तो म्हणाला. "बोलायचं तर गाडीत बस. मागे बस, आणि पिशव्यांना पाय लावू नकोस."

बसले मागे. म्हटलं, "दादा, ह्यांची नोकरी तुझ्या हातात आहे. तुझ्या नमुन्यांत कुठेतरी घोडं पेंड खातंय. परत बघ."

"माझ्या नमुन्यांत?" मान न वळवता तो म्हणाला. "चिमे, इतक्या वर्षांत माझ्या एका बाटलीकडे कुणी बोट दाखवलेलं नाही. मी न सांगता जातो. वेळ बदलून जातो. ड्रायव्हरलासुद्धा वाटेत सांगतो कुठे जायचं ते. आता नात्यासाठी मी आकडे बदलू?"

"बदलू नको रे बाबा. खरे काढ."

"ते खरेच आहेत," म्हणाला, आणि रुमालानं खिडकीची काच पुसली. आतून.

गाडी मुलामा देणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकात शिरली. खरंच, कुणाला आधी खबर नव्हती. पहारेकरी गाडी बघून दचकला, पण धावला कुठे? आत मालकाकडे नाही. भिंतीवर गुंडाळलेली पाण्याची रबरी नळी होती, तिच्याकडे. आवारात कोपऱ्यात गटाराचं चेंबर, जिथून नमुना घ्यायचा ते. पहारेकऱ्यानं आकड्यानं झाकण ओढलं. आत हिरवट पिवळं काहीतरी वाहत होतं, माझ्या डोळ्यांना तेवढ्या लांबूनही झोंबलं. दादा चार पावलांवर उभा, नाकाला रुमाल, दुसरा हात वर. आणि म्हणाला,

"हां, जरा पाणी मारून घ्या."

पहारेकऱ्यानं नळी सोडली. झाकण धुतलं, काठ धुतला, चेंबरच्या भिंती धुतल्या, तळ धुतला. नळी आतच धरून उभा राहिला, खळाखळा. दादा वाट बघत होता. आतलं पाणी पार नितळ झालं तेव्हा तो पुढे आला, लांब दांड्याचं ओगराळं आत घातलं, बाटली भरली, पुसली, सील ठोकलं, सही केली. चेहऱ्यावर केवढं समाधान. नळी अजून चालूच होती.

मी गाडीतून बघत होते. आधी वाटलं आपल्यालाच काही कळत नसेल. पुढच्या कारखान्यात गेलो, रंगाच्या. तिथला पहारेकरी तर म्हाताराच होता, तो नळी घेऊनच फाटकात आला. "साहेब, मारतो पाणी," म्हणाला, सांगायच्या आधीच. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी साहेबांसाठी चेंबरला पांढऱ्या फरशा लावल्या होत्या. त्याचं दादानं कौतुक केलं. "ह्याला म्हणतात शिस्त. बाकीच्यांनी बघायला पाहिजे येऊन."

मला हसावं का रडावं कळेना. अरे, लाच कशाला द्यावी लागतेय ह्या माणसाला? एक नळी पुरते. कारखानदारांनी काही लबाडी केलीच नव्हती. लबाडी करायची वेळच ह्यानं त्यांच्यावर येऊ दिली नाही. सगळ्या शहराचं विष हा स्वतः हुकूम देऊन धुवून काढत होता, आणि धुवून झाल्यावर जे उरेल ते बाटलीत भरून त्यावर सही करत होता. न सांगता जातो म्हणे. वेळ बदलून जातो म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, पण हा शेळ्यांना आंघोळ घालून मग मोजत होता.

गाडीत बसल्या बसल्या मी म्हटलं, "दादा, करपलेलं भांडं तू आधी घासून घेतोस आणि मग म्हणतोस कुठे करपलंय?"

"म्हणजे?"

"ती नळी. पाणी मारून घ्या म्हणतोस ते."

"मग? त्या काठावर काय काय साचलेलं असतं तुला माहीत आहे? बाटलीला लागलं तर? माझ्या हाताला लागलं तर?"

"अरे, तेच तर भरायचंय बाटलीत."

त्यानं रुमालाची घडी उलगडली, परत घातली. मला वाटलं डोक्यात उजेड पडला. छे. म्हणाला, "चिमे, तुला स्वच्छतेची किंमत कधी कळलीच नाही. तू राहतेस तिथे कळणारही नाही. आईकडे बघ. एवढी आजारी होती, पण शेवटच्या दिवसापर्यंत कशी टापटीप. मी यायचो तेव्हा गालांवर तेज असायचं तिच्या."

मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले. उतरले नसते तर त्याचा तो रुमाल त्याच्याच तोंडात कोंबला असता.

आईचं सांगते. शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडे होती, ह्याच खोलीत, ह्याच खिडकीखाली. अंथरुणाला खिळलेली. दादाच्या घरी कशी राहणार? तिथे चादरीला सुरकुती चालत नाही. तो रविवारी भेटायला यायचा. शनिवारी रात्रीपासून आईची घाई. "चिमे, मला पुसून घे. चिमे, चादर बदल. पावडर लाव. त्याला घाण सोसत नाही गं." तिला कुशीवर वळवायचं म्हणजे ती ओठ चावायची. पाठ सगळी जखमांनी भरलेली, पडून पडून झालेल्या, एक तर मूठ मावेल एवढी. त्या धुवायच्या, बांधायच्या, वरून इस्त्रीचं पांघरूण ओढायचं. आणि सक्त ताकीद, दादाला सांगायचं नाही. मग दादा यायचा, दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "आई मस्त दिसतेय. तू उगाच घाबरवतेस फोन करून." मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यात दाखवू या, तुझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. तर म्हणाला, "एवढ्या प्रसन्न बाईला दवाखान्यात कशाला नेऊन टाकतेस?" तेज म्हणे गालांवर. ते साबणाचं होतं.

हे मी त्याला कधी बोलले नाही. आई होती तोवर तिनं बोलू दिलं नाही, आणि गेल्यावर मी ते राखून ठेवलं. कधीतरी एका दिवशी तोंडावर फेकायचं म्हणून. चांगली धार लावून ठेवलं होतं.

असो. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे खोकत खोकत हसले, मग बराच वेळ नुसतेच खोकले. मग बसून अर्ज लिहिला, की चौकशीच्या आधी पंपघराच्या विहिरीतल्या पाण्याचा अधिकृत नमुना घ्यावा, हा माझा हक्क आहे. चौकशी करणारे साहेब नियमावर बोट ठेवणारे होते, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. आणि अधिकृत नमुना घेणार कोण? सील फक्त दादाकडे.

तो आला तो तसाच. पांढरा शर्ट, हातमोज्यात हातमोजे. मला बघून मान हलवली, घरात काही आला नाही. हे त्याला विहिरीच्या तोंडाशी घेऊन गेले. झाकण उघडलं. विहिरीतून वाफ आली आणि दादाचा हात आपोआप वर गेला.

"जावईबापू, जरा पाणी मारून घ्या."

"नळी नाही," हे म्हणाले.

"नाही म्हणजे? पंपघरावर पाण्याची नळी नाही?"

नळी होती. घरात माझ्या पलंगावर होती, गुंडाळलेली, वर गोधडी, आणि गोधडीवर मी. दारातून दोघं मला दिसत होते.

"चिमे, नळी कुठाय?"

"मला काय माहीत."

"मग बादली दे."

"बादलीत कपडे भिजवलेत."

"तांब्या दे, काहीतरी दे."

"दादा," मी बसल्या जागेवरून म्हटलं, "इथे वर्षानुवर्षं कुणी पाणी मारलेलं नाही. तू वरती मारतोस, ते सगळं इथे येतं. आता आहे तसं भर."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या ताटात घाण टाकलीय. निघून गेलाही असता. पण निघून गेला तर नमुना घेतला नाही असं लिहावं लागणार, आणि त्याच्या कागदांत तसं आजवर एकदाही लिहिलं गेलं नव्हतं. अभिमान पण कामाला येतो कधी कधी. ओगराळं घेऊन तो पुढे झाला. काठाशी वाकायचं माहीत नाही, लांबून दांडा सोडला, तो भिंतीला आपटला आणि पाणी उडालं. शर्टाच्या पोटावर ठिपके उठले. त्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. पण बाटली भरली त्यानं. आम्लाचा कागद बुडवला, तो लालभडक झाला. "जुना असेल कागद," म्हणाला. दुसरा बुडवला. तोही तसाच. तिसरा काढला नाही. सील ठोकलं, सही केली, आणि गाडीत बसून टॉवेल ओला करून शर्ट पुसत पुसत गेला.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन. वहिनी गरीब गाय, कधी वावगा शब्द नाही. म्हणाली, "अहो, तुमच्याकडे काय झालं? ह्यांचा शर्ट मी धुतला तर पोटावर भोकं पडली. जिथे जिथे ठिपका होता तिथे भोक. हे शर्ट मांडीवर घेऊन बसलेत. भोकात बोट घालून बघतात. जेवलेही नाहीत."

मी म्हटलं, "बसू दे." पण फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

चौकशी खात्याच्याच सभागृहात झाली. निम्मं खातं जमलेलं, कारण दुसऱ्याची नोकरी जाताना बघायला कुणाला नको असतं? दादाची निवृत्ती तोंडावर आली होती, त्याच्या निरोपसमारंभाची पाटीसुद्धा कोरून तयार होती, कोपऱ्यातल्या टेबलावर कागदात गुंडाळून ठेवलेली. 'निष्कलंक सेवा' असं त्यावर होतं म्हणे. साहेबांनी विहिरीच्या नमुन्याचा निकाल वाचला. आम्ल भरमसाट. मला वाटलं, सुटलो.

साहेबांनी चष्मा पुसला. दादाला विचारलं, "हा नमुना तुम्ही घेतला?"

"हो."

"आणि कारखान्यांचे आजवरचे नमुनेही तुम्हीच घेतले? ते बरोबर आहेत?"

दादा म्हणाला, "मी भरलं तेव्हा पाणी तसंच होतं."

"म्हणजे दोन्ही बरोबर," साहेब म्हणाले. "कारखान्यातून पाणी चांगलं निघतं. पंपघरात ते वाईट असतं. मधे दुसरं काही येऊन मिळत नाही. याचा अर्थ आम्ल पंपघरातच पडतंय. चालक कचरा अडवायची जाळी साफ करायला किंवा मुद्दाम, आम्ल ओतत असला पाहिजे." आणि लिहायला लागले.

बघा, माणसाची बुद्धी. जी बाटली आम्हाला वाचवणार होती तिनंच गळा धरला. आता नुसती हलगर्जी नाही, घातपात. ह्यांनी उठून काही बोलायचा प्रयत्न केला, पण खोकल्यानं गाठलं. साहेबांनी हातानंच बसा म्हटलं. मी दादाकडे बघत होते. तो शर्टाची बाही सरळ करत होता. समोर त्याची ती कागदात गुंडाळलेली पाटी. एकच वाक्य बोलायचं होतं त्याला, आणि मला माहीत होतं तो बोलणार नाही. जन्मभर ओळखते मी त्याला.

"पाणी मारायचो," दादा म्हणाला.

साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, "काय?"

"कारखान्यात. नमुना घ्यायच्या आधी. चेंबरमध्ये पाणी मारायला सांगायचो."

"जरा मोठ्यानं बोला. कोण सांगायचं?"

दादा उभा राहिला. "मी. मला घाण सोसत नाही. मी त्यांना आधी सगळं धुवून घ्यायला सांगायचो आणि मग बाटली भरायचो. प्रत्येक ठिकाणी. माझे सगळे नमुने नळाच्या पाण्याचे आहेत."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. मग सगळं सभागृह. जे ह्याला धुतल्या तांदळासारखा म्हणायचे तेच पोट धरून हसत होते. दादा उभाच. बसायला सांगेपर्यंत उभा होता, कान लाल करून. आणि मी, जी ह्या दिवसाची आयुष्यभर वाट बघत होते, मला काही हसू आलं नाही. उलट त्या हसणाऱ्यांचा राग आला. तुम्ही कुठले मोठे शहाणे? इतकी वर्षं ते आकडे वाचत होतात ना, शहरभर मुलामा देणारे कारखाने आणि गटारात प्यायचं पाणी, कुणाच्या डोक्यात आलं नाही?

हे सुटले. कारखान्यांत नव्यानं नमुने घेतले, नळीशिवाय, आणि जे निघायचं ते निघालं. दादाला निवृत्तीच्या दिवशी कुणी बोलावलं नाही. ती पाटी म्हणे शिपायानं दाराला टेकण म्हणून लावलीय. बरंच झालं, काहीतरी उपयोग.

त्यानंतर एका संध्याकाळी दादा आमच्याकडे आला. न सांगता. घरात पसारा, भांडी मोरीत, विहिरीचा वास नेहमीसारखा. मी उठून काही आवरलं नाही. त्यानं रुमाल काढला नाही. आईच्या पलंगावर, खिडकीखाली, तो आपणहून जाऊन बसला. तिथे तो ती असताना कधी बसला नव्हता. मी चहा दिला. कपाला कालचा डाग होता, त्यानं बघितला आणि प्यायला. हे बाजूला पंपाच्या वहीत आकडे लिहीत होते, वर बघत नव्हते.

दादानं पलंगाच्या कडेवर हात फिरवला. मग म्हणाला, "चिमे."

"काय."

"मी रविवारी यायचो तेव्हा... तू आधी आईला धुवून पुसून ठेवायचीस?"

मी पदराला हात पुसले.

"तिच्या पाठीला जखमा होत्या का गं? तुझी वहिनी म्हणाली, इतके दिवस पडून राहिलं की होतातच. मी कधी बघितलंच नाही. मला दिसलंच नाही. होत्या?"

आता. ह्याच प्रश्नासाठी मी ते धार लावून ठेवलं होतं. मूठ मावेल एवढी, असं म्हणायचं. ओठ चावायची, असं म्हणायचं. तुझ्यासाठी, असं म्हणायचं. सगळे शब्द तोंडात तयार होते. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हातारा झालाय दादा. शर्ट चुरगळलेला होता.

"छे," मी म्हटलं. "जखमा कुठल्या. मी नीट ठेवलं होतं तिला. बरी होती ती."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते? मस्त होती. तूच तर म्हणायचास."

त्यानं श्वास सोडला. थोडा वेळ बसला, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला आणि गेला. मी भांडी घासायला घेतली. जोरजोरात. मागून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"मारलंस ना पाणी?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं, आणि नळ आणखी मोठा सोडला.